नऊ फुटांवरचं भिंग

बडोदे, ता. ३ मार्च १९१३

ती. दादा,

नमस्कार. अक्षर ओळखून पत्र फाडू नका, एवढंच आधी मागते. चार वर्षांत मी तुम्हाला लिहिलं नाही. आताही घरचं काही लिहीत नाही. धंद्यातली एक गोष्ट विचारायची आहे. तुम्ही मुंबईत कॅमेऱ्यांच्या दुकानात आहात, तेव्हा गिऱ्हाइकाला सांगता तसं मला सांगा.

इथे वाडीत आमचा स्टुडिओ आहे. पुरुषांचे फोटो हे काढतात. (तुम्हाला त्यांचं नाव नको असतं, म्हणून ‘हे’ एवढंच लिहिते.) पडदा पाळणाऱ्या घरांत मी जाते. दोन वर्षं झाली. काम बरं होतं असं लोक म्हणतात.

आता एक वेगळंच काम आलं आहे. इथल्या एका शिलेदार घराण्यातल्या मथुराबाईसाहेब म्हणून आहेत. वय साठीचं, यजमान वारलेले. त्यांनी आपल्या अंगणात जनावरं पाळली आहेत. चांदण्या-चांदण्यांच्या पाठीचं एक कासव, दोन घोरपडी, आणखी काही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. पुरतं दिसेनासं व्हायच्या आत एकेकाचा मोठा फोटो करून हवा, भिंगाखाली धरून बघता येईल असा. अंगण जनानखान्यातलं, म्हणून पुरुष चालत नाही.

आमचा कॅमेरा हाफ-प्लेटचा, लाकडी, तिवईवरचा. भिंग आठ इंची. कासव काचेवर नीट मोठं यायचं तर दोन-अडीच हातांवर जावं लागतं. लांब उभं राहूनही वस्तू मोठी येईल असं कोणतं भिंग आहे? आमच्या कॅमेऱ्याच्या भात्याला ते झेपेल का? जनावरं बुजरी आहेत, म्हणून लांबून हवं.

कौशल्या


बडोदे, ता. १० मार्च १९१३

ती. दादा,

दुकानाच्या कागदावर तुमचे चार प्रश्न मिळाले. खाली दुकानाचा शिक्का होता, तुमची सही नव्हती. तरी कागद तुमच्याच अक्षरातला होता. मला तेवढं पुरे आहे.

जनावर केवढं, हे विचारलंत. कासव परातीएवढं. घोरपड शेपटीसकट दोन हात. तिसरं जे आहे ते अजगर आहे. पहिल्या पत्रात ‘आणखी काही’ म्हणून मी ते झाकलं होतं.

हलतं की स्थिर? कासव हलतं पण कळतं. घोरपड दगडासारखी पडून राहते आणि एकाएकी पळते. तिसऱ्याचं आता सांगते.

परवा आमचाच कॅमेरा घेऊन गेले. बाईसाहेब पाटावर बसल्या होत्या आणि ते मांडीवरून ओघळून फरशीवर आलेलं होतं. मांडीएवढं जाड. त्यांची सून कुसुमावती, विशीतली, दाराआड उभी होती. कडेवर नुकती रांगायला लागलेली मुलगी.

“ये ना, बेस,” बाईसाहेब म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात गुजराती असंच मधेमधे येतं. “तोंड का गं पांढरं पडलं तुझं?”

मी म्हटलं, “उन्हातून आले.”

तिवई लावली. काळं कापड डोक्यावर घेतलं. आत शिरलं की बाहेरचं जग नाहीसं होतं, तुम्हीच मला लहानपणी दाखवलं होतं. समोर घासलेली काच आणि तिच्यावर उलटं चित्र. ते जनावर वर, आकाशात टांगल्यासारखं, आणि बाईसाहेब डोकं खाली. मी भाता मागेपुढे करून नजर बसवत होते. खवले स्पष्ट झाले. डोळा स्पष्ट झाला. आणि मग काचेवर नुसती फरशी उरली.

ते गेलं कुठे? उलट्या चित्रात डावं म्हणजे उजवं, हे मला हजारदा माहीत आहे. त्या घटकेला काही आठवेना. कापड बाजूला करायला हात उचलला तर उचलेना. तिवईच्या पायाशी काहीतरी घासलं. माझ्या लुगड्याचा काठ हलला. मी श्वास धरून उभी राहिले. दादा, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेवटी बाईसाहेबांचा आवाज आला, “अगं, झोपलीस की काय आत? ते केव्हाच कुंडीमागे गेलं.”

फोटोच्या सहा काचा वापरल्या, सहाही हललेल्या आल्या. घरी मी काचांचा माल वाईट आला होता असं सांगितलं.

उजेड भरपूर आहे, दहा ते दोन चांगलं ऊन येतं. कॅमेरा किती जवळ नेता येईल, हा तुमचा शेवटचा प्रश्न. जवळ नेता येणार नाही. कॅमेऱ्याला काही अडचण नाही, अडचण मला आहे. जनावरं मुळीच बुजरी नाहीत.

कौशल्या


बडोदे, ता. १९ मार्च १९१३

ती. दादा,

तुमचं सविस्तर उत्तर मिळालं. धंद्याचंच आहे, पण चांगली दोन पानं आहेत. मी ते वाचून यांनाही दाखवलं. ‘माणूस जाणकार आहे,’ असं हे म्हणाले.

तुम्ही दोन वाटा दाखवल्यात. एक, आहे त्याच कॅमेऱ्याला चौदा इंची भिंग आणि भाता लांबवायला पुढे जोडलाकूड. नऊ फुटांवर उभं राहता येतं. पण फोटोची काच आत सरकवली की डोळे बांधल्यासारखं, समोर जनावर काय करतं ते दिसत नाही. दुसरी, आत आरसा बसवलेला हातातला कॅमेरा. वरून डोकावायचं, चित्र सुलटं दिसतं आणि कळ दाबीपर्यंत दिसत राहतं. हलत्या जनावराला तोच खरा, असं तुम्ही लिहिलंत. पण त्याचं भिंग लहान, तीन फुटांच्या आत जावं लागेल.

मी नऊ फूट निवडले आणि लगेच तारेने कळवलं. तुम्ही पाठवलेलं भिंग चौदा तारखेला मुंबईहून निघालं आणि सोळाला हाती आलं. यांनी जोडलाकूड करून दिलं. काम छान झालं आहे! कासवाच्या पाठीवरची एकेक रेघ मोजता येते. घोरपडीची जीभसुद्धा एकदा सापडली. अजगर झोपलेला होता, तेव्हा तोही नीट आला.

काल बाईसाहेबांनी झाकलेली एक टोपली पुढे घेतली. “हा माझा लाडका. तुला सगळ्यांत शेवटी दाखवायचा होता.”

झाकण काढलं तर नाग.

मी मागे सरले ती भिंतीला टेकले. त्या हसल्या. “दात पाडलेत त्याचे. गारुड्याने माझ्यासमोर पाडलेत. दर महिन्याला येऊन तोंड साफ करून जायचा. दिवाळीपासून कुठे बेपत्ता झालाय कोण जाणे.” आणि त्यांनी त्याला भाजीची जुडी उचलावी तसा उचलून फरशीवर ठेवला. त्याला बेडूक दिला. ते मला बघवेना, मी काळ्या कापडात शिरून डोळे मिटून घेतले.

खाऊन झाल्यावर त्याने मान उभी केली आणि जबडा असा फाकवला की जांभईच. बाईसाहेब ओरडल्या, “घे, घे!” मी शटरचा रबरी गोळा दाबला. काय आलं ते अजून पाहिलेलं नाही. काच उद्या धुईन.

नऊ फूट होते म्हणून निभावलं. तुमचे उपकार.

कौशल्या


बडोदे, ता. २२ मार्च १९१३

ती. दादा,

हे पत्र टपालात टाकायला मी स्वतः जाते आहे. कृपा करून आजच वाचा.

ती काच धुतली. नागाचा जबडा पुरता उघडा आला आहे. वरच्या जबड्यात पुढे, डाव्या बाजूला, एक बारीक काळी खूण आहे. उलट्या काचेत पांढरं ते काळं, तेव्हा ती वस्तू पांढरी असणार. तिळाचा पाव भाग. मोठं भिंग धरून पाहिलं. मला तो दात वाटतो. यांना दाखवली. हे म्हणाले, दात असेल, नाहीतर काचेवरचा ओरखडा असेल, शपथेवर सांगता येत नाही. मग हे बाजारात एका गारुड्याला विचारून आले. तो म्हणाला, “दात काय, महिन्यात परत येतात. म्हणून तर परत परत बघावं लागतं.”

मी तशीच बाईसाहेबांकडे धावले. त्यांनी काच उन्हात धरली आणि परत दिली.

“मला काही दिसत नाही. ओरखडा असेल.”

“बाईसाहेब, दात परत येतात म्हणे.”

“माझे आले का परत?” त्यांनी बोळकं उघडून दाखवलं. मग एकदम गंभीर झाल्या. “हे बघ, पिलाजीरावाच्या कानावर घालशील तर बघ. माझाच मुलगा आहे, पण तो कारणच शोधतोय. नागाबरोबर सगळ्यांना काठ्यांनी ठेचून काढील. घे माझी शपथ.”

मी शपथ घेतली. जाताना कुसुमावतीला मात्र बाजूला घेऊन सांगितलं. ती मुलीला घेऊन माडीवर राहायला गेली आहे. पण बाईसाहेब रोज सकाळी त्याला हातात घेतात, दूध पुढे करतात, गळ्याशी धरतात. आज सकाळी घेतला असेल. उद्याही घेतील.

मला आरशाचा कॅमेरा पाठवा. तीन फुटांवरून तो जबडा पुन्हा घेतला तर दात सुपारीएवढा करून त्यांच्या हातात देता येईल. आंधळ्यालाही चाचपता येईल इतका मोठा.

दादा, आता दुसरं. हे लिहिल्याशिवाय मी तीन फुटांवर जाऊच शकणार नाही.

मी पुन्हा लग्न केलं तेव्हा तुम्ही म्हणालात, भास्कररावांना मी तीन वर्षांत विसरले. ते तुमचे जिवलग होते, तुम्हीच आमचं लग्न जमवलंत, तुम्हाला तसं वाटणारच. मी विसरलेली नाही. करजणच्या स्टेशनामागे आमची खोली होती. ते गेले त्याच्या आठच दिवस आधी मी लाकडांजवळ दोरी बघून किंचाळले होते आणि शेजारपाजार हसला होता. भास्कररावही हसले. तार ऑफिसात जाऊन सांगितलं, ‘आमच्या घरी दोरी चावते.’ आठ दिवसांनी, त्या दिवशी दुपारी, मी त्याच लाकडांत तपकिरी शेपूट शिरताना पाहिली. या खेपेला दोरी नव्हती. पण मी कुणाला बोलले नाही. पुन्हा हसतील म्हणून.

आणि संध्याकाळी चूल पेटवायची झाली तेव्हा मला लाकडं आणायला जायची छाती होईना. मी भास्कररावांना म्हटलं, “जरा लाकडं आणता का?”

ते हसत उठले, पायात चपलाही नव्हत्या.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही रात्रीच्या गाडीने आलात तेव्हा सगळं संपलेलं होतं. लोक म्हणाले, अंधारात पाय पडला. मी मान हलवली. सात वर्षं मान हलवते आहे. यांनाही सांगितलेलं नाही. आता हे पत्र लिहून झालं की सांगेन.

कॅमेरा पाठवा. माझ्यासाठी नको, त्या बाईसाठी पाठवा.

कौशल्या


बडोदे, ता. ३१ मार्च १९१३

ती. दादा,

कॅमेऱ्याची पेटी सत्तावीसला मिळाली. आत चिठ्ठी नव्हती. मी भुसासुद्धा उपसून पाहिला.

त्याआधीचे पाच दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. कुठे रडण्याचा आवाज आला की वाटायचं, त्यांच्याकडचाच. रस्त्यात त्यांचा गडी दिसला की माझे पाय जागीच थांबायचे. यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “मला आधी का नाही सांगितलंस?” मी म्हटलं, “भीती वाटली.” त्यांनी आरशाचा कॅमेरा हातात घेऊन मला दोन दिवस शिकवलं. अंगणातल्या पाटावर दोरखंड ठेवायचा आणि तीन फुटांवर गुडघे टेकून बसायचं. दोरखंड होता तरी मला घाम फुटे.

काल गेले. साडेअकराचं ऊन होतं. बाईसाहेबांना म्हटलं, “जबड्याचा फोटो नीट आला नव्हता, पुन्हा घेते.” खोटं बोलले. त्या खूश झाल्या.

त्याने बेडूक खाल्ला. या खेपेला मी डोळे मिटले नाहीत. गुडघ्यांवर बसले आणि कॅमेरा छातीशी धरून वरच्या कातडी तोंडात डोकावले. आत नाग सुलटा होता, ओंजळीएवढा, चित्रातल्यासारखा शांत. तिथे पाहिलं की वाटायचं तो लांब आहे. मग कॅमेऱ्याच्या कडेवरून नजर जायची आणि तो माझ्या गुडघ्यापासून दीड हातावर असायचा. माझे दात वाजत होते. ते त्याला ऐकू जातील असंही वाटलं.

त्याने मान उचलली. जबडा उघडला. मला दात दिसला, दादा. काचेत, उन्हात, काटेरी झाडाचा कोवळा काटा असतो तसा. एक नाही, दोन. मी कळ दाबली. आतला आरसा उडाला आणि खट्‌ आवाज झाला.

त्या आवाजाने तो फणा काढून वळला. बाईसाहेब पाटावरून पुढे वाकल्या, “अगं, घाबरवलंस त्याला. ये रे, ये माझ्याकडे.” आणि त्यांनी हात पुढे केला.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. कुसुमावती म्हणते, ‘पाहिलाय मी, पाहिलाय मी’ असं ओरडत होते. डाव्या हाताने मी बाईसाहेबांचं मनगट पकडून त्यांना मागे खेचलं आणि उजव्या हातातला कॅमेरा मधे घातला. त्याने तोंड मारलं ते कॅमेऱ्यावर. अंगठ्याने ढकलावं तेवढा धक्का बसला फक्त. मग तो खाली सरकून कुंडीमागे गेला.

बाईसाहेब माझ्याकडे बघत होत्या, कारण मी अजून त्यांचं मनगट सोडलं नव्हतं.

“बाईसाहेब, इथे बघा,” मी म्हटलं.

भिंगाच्या काचेवर पिवळसर दोन थेंब होते. ओघळायला लागले होते. त्यांनी मान वाकवून, डोळ्यांच्या फटी करून पाहिलं. बोट लावायला गेल्या, मी कॅमेरा मागे घेतला.

“हे काय?” त्यांनी विचारलं. पण त्यांना कळलं होतं. त्यांचा चेहरा म्हातारा झाला. “आज सकाळीच गळ्याशी घेतला होता मी त्याला,” त्या म्हणाल्या. “रोजच घेते.” मग त्या तिथेच फरशीवर बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. दारात कुसुमावती रडत होती.

बाजारातला गारुडी बोलावला. त्याने नागाला मडक्यात घालून मही नदीच्या कोतरांत, म्हणजे घळींत, नेऊन सोडलं. पिलाजीरावांना शेवटी बाईसाहेबांनी स्वतःच सांगितलं. बाकीच्या जनावरांना हात लावायचा नाही, असं त्यांच्याकडून वदवून घेतलं म्हणे.

भिंग मी पुसलं आहे. काचेला काही झालेलं नाही.

कौशल्या


बडोदे, ता. १२ एप्रिल १९१३

ती. दादा,

तुमचं पत्र पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. दुकानाचा कागद नव्हता.

तुम्ही लिहिलंत, ‘तू बोलली असतीस तर भास्कर जगला असता.’ ते वाक्य मी पुष्कळदा वाचलं. त्यात खोडण्यासारखं काही नाही. त्या बाईसाठी ओरडले म्हणून करजणचं काही फिटलं, असं मी समजत नाही. तुम्हीही समजू नका. यांनी पत्र वाचून कडक आहे म्हटलं. मी म्हटलं, खरं आहे.

बाईसाहेबांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता बोलणी खायची. त्या म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून माझा हात असा कुणी धरला नव्हता. निळा पडलाय बघ.” आणि मग, “अजगराचा जागा असतानाचा फोटो राहिलाय ना? बुधवारी ये.” मी बुधवारी गेले. तीन फुटांवर बसले. बारा काचांतल्या पाच हलल्या. सात आल्या.

तुम्ही विचारलंत, अजून भीती वाटते का. हो, वाटते. कमी झाली असं सांगितलं तर ते खोटं होईल. काळं कापड डोक्यावर घेतलं की वाटतं, आता पायाशी काहीतरी येईल. ही बहुधा जायची नाही. पण आता मी ती कुणापासून लपवत नाही. जाताना बाईसाहेबांना सांगूनच टाकते, ‘आज मला फार भीती वाटतेय.’ त्या म्हणतात, ‘बरं, मग मी बोलत राहते.’ आणि काम होईपर्यंत बोलत राहतात.

तुम्ही शनिवारी मेलने येता आहात, आणि ते सगळं माझ्या तोंडून ऐकायचं आहे असं लिहिलंत. पत्रात लिहिणं निराळं, आणि तुमच्यासमोर उभं राहून, तुमच्या डोळ्यांत बघून, ‘मीच त्यांना लाकडं आणायला पाठवलं’ म्हणणं निराळं. नागासमोर बसताना झाली नव्हती अशी माझी गत आतापासूनच झाली आहे.

हे म्हणाले, “मी बरोबर येतो.” मी नको म्हटलं. स्टेशनवर मी एकटीच येईन. तुम्ही डब्यातून उतराल तेव्हा कदाचित पहिल्यांदा तोंडातून शब्दही फुटणार नाही. तुम्ही थांबा. मी बोलेन.

कौशल्या